पांढरीतलं लेकरू

१

खिळे उपटून पेटीचं झाकण काढलं, वरची भुसभुशीत माती ब्रशनं बाजूला सारली, मडक्यांची लिंपलेली सांध सोडवली, आणि आरती म्याडमचा हात हवेतच थांबला. मडकी होती. मडक्यातलं लेकरू गायब होतं.

लेकरू म्हणजे कुणी रांगतं-खेळतं नव्हे. तीन हजार वर्षांमागं मेलेलं. प्रवरेच्या काठाला भोजेवाडीची पांढरी आहे, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. गावातल्या बाया तिथनं पाटीनं माती आणून घरं सारवायच्या, आणि म्याडम तीच माती चमच्यानं उकरून पिशवीत भरायच्या, वर चिठ्ठी लावायच्या. गाव हसायचं. पण दोन महिन्यांत म्याडमनी अख्खं घर उकरून काढलं. शेतकऱ्याचंच घर. चूल, कणगीचा ओटा, जळके गहू, जळकी मसूर, आणि तिकडं जोर्व्याला सापडली तसली लाल भांडी, वर काळ्या रेघांची नक्षी. चुलीजवळ जमिनीच्या पोटात दोन राखी मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून. आत लेकरू. उशाला तोटीचं एवढंसं भांडं, दुधाचं असावं.

मंगळवारी ही मडकी मातीसकट उचलून पेटीत घातली. पेटीला म्याडमच्या सहीची कागदी पट्टी. पेटी शाळेच्या रिकाम्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली म्याडमच्या गळ्यात. आज गुरुवार. पट्टी शाबूत, कुलूप शाबूत. आणि हाडांच्या जागी मूठभर बारीक तांबूस दाणे, मातीत कालवलेले.

"मोहरी," हर्षल म्हणाला. हा म्याडमचा फोटोवाला, नगरचा पोरगा, सावलीतसुद्धा गॉगल.

झालं. दारात जमलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले. लेकराची हाडं गेली, मोहरी राहिली, म्हणजे करणी. केशरबाई तर तिथल्या तिथं तीनदा थुंकली.

म्याडमनी खोदकामाच्या प्रमुखांना, पुण्याच्या सरांना, फोन लावला. फोन कानाला होता तरी सरांचा आवाज अख्ख्या ओट्यावर ऐकू आला. ते पाच वाजेपर्यंत पोचणार. तोवर हाडं मिळाली नाहीत तर पोलिसांत तक्रार, आणि मडक्याला शेवटचा हात ज्याचा लागला त्याचं नाव पहिलं.

शेवटचा हात भिमाजी कुंभाराचा. दोन मडक्यांची सांध ओल्या मातीनं त्यानंच लिंपली होती. वर दोन दिवस आधी तो चारचौघांत बोलूनही बसला होता, "दुसऱ्याचं लेकरू उचलून न्यायला तुमाला कुनी सांगितलं?" सत्तरीतला माणूस, एका डोळ्यात मोतीबिंदू. आता तो कोपऱ्यात उकिडवा बसून स्वतःच्या नखातली माती बघत होता. आपण केलं नाही, एवढंसुद्धा म्हणेना.

म्याडम वळल्या. "जमादार काका, तुम्ही चौतीस वर्षं पोलिसात होता. या माणसाला बेड्या पडलेल्या मला बघवायच्या नाहीत. काहीतरी करा."

ओट्यावर चहाची बशी फुंकत बसलेल्या माणसानं बशी खाली ठेवली. चहा तसाच राहिला.

२

बिभीषण जमादार मूळचा तिसगावचा. रिटायर झाल्यावर भोजेवाडीत दोन खोल्या बांधून राहिला. गावात त्याची ख्याती चोर पकडल्याची नव्हती. सरपंचाच्या बुलेटच्या सीटवर गुळाचा पाक लावणारा, भजनात टाळांच्या दोऱ्या सोडून ठेवणारा, असा तो माणूस. खोदकाम सुरू झालं त्याच आठवड्यात त्यानं पाण्याच्या बाटलीचं बूच चिखलात घोळवून खड्ड्यात पुरलं होतं. हर्षलनं त्याचे सात फोटो काढले, वहीत चित्र काढलं, नंबर टाकला. म्याडम चार दिवस जमादाराशी बोलल्या नव्हत्या.

त्याची बायको झुंबरबाई याच खोदकामावर रोजानं जायची. साठीच्या बाईला कशाला हवं, पोरी दोन्ही नांदायला गेल्या, पेन्शन चालू आहे. जमादार दारात उभा राहून विचारायचा, "काय मुकादम, आज किती बादशा उकरले?" ती हसायची, डबा उचलायची आणि निघायची. म्याडमनी तिला पाटी उचलायला लावलीच नाही. हात हलका म्हणून ब्रश दिला. मडक्यातलं लेकरू मोकळं केलं तेही तिनंच. आज मात्र कंबर धरली म्हणून ती घरी होती.

मडक्यातले दाणे म्याडमनी कागदाच्या पुडीत भरले होते; जमादारानं त्यातले चार उचलून खिशात टाकले आणि पहिला हर्षलला धरला.

"मंगळवारी मडकी पेटीत कधी घातली?"

"साडेबाराला. फोटो काढून झाले, मग उचलली. सांध लिंपली जेवणाच्या सुट्टीनंतर, दोनला."

"मधल्या दीड तासात पेटी कुठं हुती?"

"खड्ड्याच्या कडेला, मांडवाखाली. उघडी होती, पण मी होतो ना शेजारी. हललो नाही."

"अजिबात?"

"आईशप्पथ, जमादार."

"आईला कशाला मधी घालतोस, ती तिकडं बिचारी भाकऱ्या थापत असंल. मोबाईल दे."

जमादाराला मोबाईलमधलं फार कळत नव्हतं, पण हर्षल दिवसाकाठी चार व्हिडिओ टाकतो हे गावाच्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं. मंगळवारचा निघाला. हर्षल गॉगल लावून नदीत गुडघाभर उभा, मागं प्रवरा, वर वेळ, एक वाजून दहा मिनिटं.

"हललो न्हाई म्हनतोस. मग नदीच मांडवाखाली आली व्हय रं?"

हर्षलचा गॉगल उतरला. डोळे पाण्यानं भरले होते. "म्याडमना सांगू नका. माझी नोकरी जाईल."

"तुझी नोकरी राहू दे बाजूला, तिथं भिमाजीची अब्रू जायला लागली. तू नदीवर, मग पेटीजवळ कोन?"

"भिमाजी बाबाच. चिखल तुडवत होते. बाया तिकडं बाभळीखाली जेवत होत्या. मी आलो तेव्हा बाबा एकटेच होते."

म्हणजे कुलूप, पट्टी, किल्ली, सगळं खोटं पडलं. पेटी बंद व्हायच्या आधीच ती रिकामी झाली होती. दिवसाउजेडी, दीड तासात. आणि तिथं हजर असलेला माणूस एकच.

जमादारानं मान खाजवली. भिमाजीला वाचवायला निघाला होता, आणि पहिल्याच फेरीत भिमाजीच्याच गळ्यातला फास आवळून बसला.

३

भिमाजी शाळेमागच्या लिंबाखाली बसला होता. एरवी हे दोघं भेटले की शिव्यांनीच सुरुवात व्हायची. आज भिमाजीनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"का रं भिम्या, लग्नात रुसलेल्या व्याह्यावानी बसलास?"

जमादार शेजारी टेकला.

"मला एक सांग. चोर असता तर तोटीचं भांडं सोडलं असतं का? रंगीत हाय, अखंड हाय, बाजारात कुनीबी घेईल. ते ठेवून हाडं नेतो असला कसला चोर?"

"मला काय म्हाईत."

"भगत असता तर हाडं नेली असती, पन मोहरी उधळली असती, रिंगन घातलं असतं. हितं मोहरी मडक्यात. जपून ठेवल्यागत. ह्यो भगतबी न्हाई."

जमादार आणखी जवळ सरकला.

"तू सांध लिंपलीस तवा आत बघितलं असशीलच. चाळीस वर्सं मडकी घडवतोस. मडकं भरलंय का रितं, तुला हात लावल्याबरुबर कळतं. आत लेकरू न्हाई हे तुला कळलं हुतं."

लिंबाची दोन पानं खाली पडली.

"कळलं हुतं," भिमाजी म्हणाला.

"अन् तरी लिंपलंस?"

"लिंपलं."

"का?"

भिमाजीनं पहिल्यांदा मान वर केली. चांगल्या डोळ्यानं जमादाराकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, भीती नव्हती. कुणाच्या घरी वाईट निरोप घेऊन गेलेला माणूस उंबऱ्यात थांबून बघतो, तसं बघणं होतं.

"बिभीषणा, पाचला पोलिस मला नेतील तर नेतील. मला म्हाताऱ्याला काय, तिथंबी भाकरीच देत्यात. तू असं कर. दुपार झाली. घरी जा. जेव."

"मी हितं तुझ्या जिवासाठी—"

"जेव, म्हनलं. मग बोलू."

चौतीस वर्षांत जमादारानं नाना तऱ्हेचे आरोपी बघितले. रडणारे, मारणारे, पाया पडणारे. तपास करणाऱ्यालाच जेवायला घरी पाठवणारा हा पहिला. कुणाला तरी पाठीशी घालतोय, एवढं शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण भिमाजीला ना बायको राहिली, ना मूलबाळ. या माणसाला जिवापेक्षा जास्त असं या गावात आहे तरी कोण?

४

घराच्या वाटेवर केशरबाईनं हाक मारली. परवा झुंबरबाईनं वाटीभर कालवण दिलं होतं, ती वाटी तिला परत द्यायची होती. जमादारानं हात पुढं केला. केशरबाई आत गेली ती लवकर येईना.

"अगं दे की. मी काय वाटी इकून खातो का?"

"थांबा की जमादार," आतनं आवाज आला. "गुळाचा डबा गावंना. रिकामी वाटी कशी देऊ? तुमाला चालंल, झुंबरबाईला चालायची न्हाई."

ती बाहेर आली. वाटीत गुळाचा खडा. जमादार वाटीकडं बघत राहिला. केशरबाईला वाटलं, खडा लहान झाला.

भांडं रिकामं परत करायचं नाही. आईनं लेकीला, सासूनं सुनेला न शिकवता शिकवलेलं. साखर नसेल तर चिमूटभर पीठ, पीठ नसेल तर दोन दाणे. पुरुषाच्या हे डोक्यातसुद्धा येत नाही. तो वाटी धुवून, नाहीतर न धुताच, देऊन मोकळा होतो. मडक्यातनं लेकरू ज्यानं उचललं, त्याला मडकं रितं ठेववलं नाही. त्यानं मूठभर दाणे घातले.

त्यानं नव्हे. तिनं.

म्हणजे बाभळीखाली जेवत बसलेल्या बायांपैकी एक त्या वेळी जेवत नव्हती. निघायला वळलेला जमादार केशरबाईच्या दारातच थांबला.

"केशरबाई, मंगळवारी दुपारी तुमी समद्या बाभळीखालीच हुता?"

"समद्या. म्हंजे झुंबरबाई सोडून. तिचा उपास हुता ना."

"मंगळवारी?"

"आता नवराच मला इचारतो," केशरबाई हसली.

मंगळवारी जमादार हयातीच्या दाखल्यासाठी नगरला गेला होता, सकाळच्या एस्टीनं. पहाटे झुंबरबाईनं त्याला चहा दिला आणि स्वतः शिळी भाकरी कुस्करून खाल्ली. त्याच्यासमोर. चाळीस वर्षांत तिनं मंगळवार कधी धरला नव्हता.

५

झुंबरबाई चुलीपुढं होती. पुढच्या खोलीत फरशी घातली, पण मागच्या खोलीत तिनं घालू दिली नव्हती. तिथं अजून शेणमातीची जमीन होती. चुलीच्या डाव्या अंगाला हातभर जागा ताजी सारवलेली, बाकीच्यापेक्षा काळी.

"आला? बसा. वाढते."

"कंबर?"

"बरी हाय."

जमादार पाटावर बसला. काल दुपारी, काल संध्याकाळी, आज सकाळी तो याच पाटावर बसून जेवला होता. ती ओली जागा त्यानं बघितली होती. बघून म्हणाला होता, "काय गं, गुप्तधन पुरलंस का काय?" ती तेव्हाही हसली होती.

तिनं ताट ठेवलं. पिठलं, ठेचा, काळपट भाकरी. त्यानं मिसळणाच्या डब्यातनं चार मोहऱ्या तळहातावर घेतल्या, शेजारी खिशातले चार दाणे ठेवले. मोहरी गुळगुळीत, काळी, गोल. खिशातले दाणे बारीक, तांबडे, खरबरीत. एक दाणा त्यानं दाताखाली धरला. चव ओळखीची होती. ती ताटात होती.

नागली. म्हणजे नाचणी, तिच्या माहेरची, अकोले तालुक्यातल्या डोंगरातली. दर दिवाळीला तिचा भाऊ जीपनं पायलीभर आणून द्यायचा. सगळी भोजेवाडी बाजरी खाते, गहू खाते. नागली या गावात एकाच घरात. आणि चाळीस वर्षं तिची भाकरी खाणाऱ्या माणसाला तिचा दाणा कसा दिसतो हे आज, साठी उलटल्यावर, कळत होतं.

"झुंबर," तो म्हणाला. त्यानं दाण्यांचा तळहात तिच्यापुढं धरला.

ती बसली होती तशीच राहिली. "भिमाजीदादा बोलले?"

"न्हाई. तो मरंल पन बोलायचा न्हाई."

"त्यांनी बघितलं मला. पदरात घेताना. काय म्हनले न्हाईत. पाठ फिरवून चिखल तुडवत बसले." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "मी आज सांगनारच हुते. पाचच्या आत. त्यांच्यावर येऊ दिलं नसतं मी. फक्त म्हनलं, दुपारपातुर राहू दे."

"का केलंस?"

"म्याडम सांगत हुत्या. त्या काळातल्या बाया लेकरू गेलं की लांब नेत नव्हत्या. घरात, चुलीच्या शेजारी. आईच्या पोटात ठेवल्यागत दोन मडक्यांत. उशाला दूध." ती अडखळली. "मी बरश मारत हुते. मला वाटलं, किती शान्या बाया. मला कुनी का न्हाई सांगितलं असं."

जमादारानं भाकरी खाली ठेवली.

अडतीस वर्षं झाली. ती बाळंतपणाला अकोल्याला गेली होती, तो नवा भरती झालेला, नगरला दंगलीच्या बंदोबस्ताला. मुलगा झाल्याची तार आली. नवव्या दिवशी दुसरी तार आली. साहेबानं रजा दिली नाही. तो पोचला तेव्हा एकोणीस दिवस उलटले होते. बारशाच्या आधीच गेलेलं लेकरू, त्याचं नावसुद्धा पडलं नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली होती. आणि याला काही सुचेना म्हणून यानं काय केलं? रजा न देणाऱ्या साहेबाची नक्कल करून दाखवली. पोट पुढं काढून, मिशा पिळून, अंगणभर चालून.

ती हसली होती. त्याला वाटलं, झालं, विसरली. मग तो तिला रोजच हसवत राहिला, आणि ती रोज हसत राहिली.

"कुठं ठेवलं हुतं आपलं?" त्यानं विचारलं.

"वढ्याच्या वर. सादड्याच्या झाडाखाली. भाऊनं नेलं, मला उठू देत नव्हते. म्हैन्यानं जाऊन बघून आले. दगूड ठेवला हुता. मग धरन झालं." ती सरळ आवाजात सांगत होती, बाजारातनं काय आणायचं ते सांगावं तशी. "आता वर पानी हाय. भाऊ म्हनतो, तीस पुरुस पानी हाय."

"मला कधी सांगितलं न्हाईस."

"तुमी इचारलं न्हाई."

बाहेर उन्हात कोंबडी ओरडली. घड्याळात सव्वातीन.

"हे दुसरीचं लेकरू," झुंबरबाई म्हणाली. "मला ठाव हाय. तिचं तिथं, तिच्या चुलीजवळ हुतं. पन ते तिथंबी राहनार नव्हतं ना. पुन्याला नेनार, कपाटात ठेवनार. मी म्हनलं, कपाटापेक्षा चूल बरी. दोन दिस तरी." ती उठली. खुरपं आणलं. "हात लावा. माझ्यानं एकटीनं उकरवायचं न्हाई."

६

साडेचारला जमादार शाळेत पोचला. हातात पितळेचा डबा. आत जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात हाडं गुंडाळलेली, डोक्याची वेगळी, हातापायांची वेगळी, एवढीशी बोटं कापसात.

"सापडलं," तो ओट्यावरनं मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "चोर मीच. चेष्टा केली."

पहिली शिवी हर्षलनं दिली. मग दुसऱ्या कुणीतरी दिली. केशरबाई म्हणाली, "मेल्याच्या जिवाशी खेळतो, लाज न्हाई वाटली?" बाटलीचं बूच पुरणारा माणूस, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार नाही? चौतीस वर्षं लोकांकडनं कबुलीजबाब घेतले, पण एवढ्या झटक्यात पटलेला त्यानं एकही बघितला नव्हता.

भिमाजी लिंबाखालनं उठून आला. त्याचं तोंड उघडलं. जमादारानं त्याच्याकडं असं बघितलं की ते मिटलं.

आरती म्याडमनी डबा टेबलावर ठेवला. लुगड्याची घडी उलगडली. एकेक हाड उचलून त्यांनी बघितलं. एकही तुटलेलं नव्हतं. मग फक्त जमादाराला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मंगळवारी तुम्ही नगरला होता ना, काका? दाखल्यासाठी?"

"दुपारच्या गाडीनं आलो."

"दुपारची गाडी अडीचला येते."

"लवकर आली त्या दिवशी."

म्याडमनी पुडीतले दाणे बोटानं पसरले. त्यांच्या डोळ्यापुढं कुणाचा तरी ब्रश धरलेला हात आला असणार, कारण त्यांनी पुडी हलकेच मिटली.

"झुंबरमावशींना सांगा," त्या शेवटी म्हणाल्या, "कंबर बरी झाली की कामाला या. अजून एक मडकं दिसतंय कडेला. मला त्यांचाच हात हवाय."

पाचला पुण्याचे सर आले. हाडं मोजली, मडकी तपासली, आणि मग पाऊण तास ओरडले. तक्रार टळली, पण माफीनामा लागला. रिटायर्ड जमादारानं अख्ख्या गावादेखत तो लिहून दिला. सर म्हणाले, या माणसाला पुन्हा पांढरीवर पाय ठेवू द्यायचा नाही. सरपंच मागच्या बाजूला हसत होता, बुलेटचा हिशेब चुकता झाल्यासारखा. जमादारानं सही केली. सही वाकडी आली. सरांनी दुसरी करायला लावली.

मग सर म्याडमना म्हणाले, "पेटी गाडीत चढवा. नंबर काय या सांगाड्याचा?"

म्याडमनी नंबर सांगितला.

७

दिवेलागणीला तो घरी आला. झुंबरबाई मागच्या खोलीत बसली होती. चुलीशेजारचा खड्डा उघडाच होता, माती कडेला.

"गेलं?"

"गेलं. म्याडमनी मांडीवर घेतलाय डबा. पुन्यापातुर मांडीवरच ठेवते म्हनल्या."

तिनं मान हलवली. "तुमाला काय बोलले?"

"बोलले थोडं."

"केशरबाई येऊन सांगून गेली. लई बोलले." ती त्याच्याकडं बघत राहिली. "कशाला घेतलं अंगावर? मी सांगितलं असतं."

त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. नेहमीसारखंच, हसू येईल असं. तो ते बोलला नाही. टोपी काढून तिच्याशेजारी, खाली जमिनीवर बसला. पाटावर नाही. दोघांच्या पुढ्यात तो रिकामा खड्डा.

"मला सांग," तो म्हणाला.

"काय?"

"समदं. मी नव्हतो ते समदं. नऊ दिस."

तिला पहिल्यांदा जमेना. अडतीस वर्षं मिटलेलं दार, बिजागरी गंजलेली. मग हळूहळू जमायला लागलं. पहिल्या दिवशी रडला नाही, सुइणीनं पाठीत थापटलं तेव्हा रडला. केस लई होते. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. अंगावर पिताना तिचं बोट धरायचा, सोडवलं तर चिडायचा. कानामागं तीळ होता.

"कुनावर गेल्ता?"

"तुमच्या आईवर. नाक तसलंच. बसकं."

जमादार गुडघ्यात डोकं घालून ऐकत होता. सातव्या दिवशी ताप आला. वैद्य खालच्या गावात, वढ्याला पूर. आठव्या दिवशी प्यायचं सोडलं. नवव्याचं तिनं दोनच वाक्यांत सांगितलं, आणि त्यानं जास्त विचारलं नाही.

चुलीत निखारे उरले होते. तिनं त्यावर राख सारली.

"नाव?" त्यानं विचारलं.

"बारसं झालं न्हाई की."

"मनात काय हुतं?"

ती खड्ड्यातली मूठभर माती उचलून हातात चोळत म्हणाली, "अमृत."

त्यानं मान वर केली. "अमृत," तो पुटपुटला.

झुंबरबाईनं डोळे मिटले.

"जरा मोठ्यानं म्हना."